नवी लादी घ्यायची कुठून: पर्वरी, बेळगाव, मोरबी की जवळचं दुकान?

गोव्यातल्या मये गावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर जुनं, एकमजली. ओसरी, हॉल, माजघर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून साधारण ११०० चौरस फूट. जमिनीचा लाल कोबा ठिकठिकाणी फुटलाय आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी नवी लादी घालायची आहे. दीर म्हणतात, बेळगावला स्वस्त मिळते. भाच्याने गुजरातेतल्या मोरबीच्या एका विक्रेत्याचा फोन नंबर आणलाय. मेस्त्री म्हणतो, ‘माझ्यावर सोडा, मी आणतो.’ पर्वरीला हायवेवरच्या शोरूममध्ये त्या स्वतः जाऊन आल्या, टाइल आवडली, भाव ऐकून परतल्या. आता सगळेच आपापलं खरं करतायत आणि ताईंनी विचारलंय, नेमकी घ्यायची कुठून?

मी गेली २६ वर्षं डिचोली, फोंडा, म्हापसा या पट्ट्यात लादी घालायची कामं घेतोय. दुकान चालवत नाही आणि कुठल्या दुकानाशी बांधलेलाही नाही, त्यामुळे जे दिसलं ते मोकळेपणी सांगू शकतो.

उत्तर आधी देतो. तुमच्यासारख्या एका घरापुरत्या कामाला असं दुकान बघा जे तुमच्यापासून तासाभरात गाठता येतं, ज्याचं स्वतःचं गोडाऊन आहे आणि जे ‘न उघडलेल्या पेट्या परत घेऊ’ असं बिलावर लिहून देतं. डिचोलीत मिळालं तर डिचोलीत, नाही तर म्हापसा नाही तर फोंडा. पर्वरीचं शोरूम सोडून द्या असं मी म्हणत नाही, त्यालाही हीच कसोटी लावा. मोरबीचा विचार मात्र डोक्यातून काढा. बेळगाव एकाच परिस्थितीत परवडतं, ती पुढे येईल. भाव मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण लादीचं दुकान खरं कळतं ते दोन वेळा: माल फुटका निघतो तेव्हा आणि माल कमी पडतो तेव्हा.

पण दुकानाच्या आधी जमीन. तुम्ही प्रश्नात जमिनीबद्दल एकच वाक्य लिहिलंय आणि मला काळजी तिथेच वाटते. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांच्या जोत्यावर उभी आहेत. आत मातीचा भराव, वर कोबा. खालून ओल वर चढायला अडवणारं बहुतेक घरांत काही नाही. अशा जमिनीवर कितीही महागाची टाइल आणून बसवा, ओल सांध्यांतून वाट काढते. सांध्यांवर पांढरी खारी पावडर दिसायला लागते, स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या पट्टीच्या वर भिंतीचा रंग पोपडे धरतो. मग लोक दुकानाला शिव्या देतात. टाइलचा त्यात काही दोष नसतो.

एक सोपी तपासणी करा. दीड हात लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोबा कोरडा पुसून त्यावर पसरा आणि चारी कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक रात्र आणि एक दिवस तसाच राहू दे. नंतर बघा. थेंब प्लास्टिकच्या वरच्या अंगाला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे. पाऊस सुरू होताना थंड जमिनीला घाम फुटतो तोच प्रकार, त्याला घाबरायचं कारण नाही. थेंब खालच्या अंगाला असतील किंवा झाकलेला कोबा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल तर ओल जमिनीतून येतेय. माजघरात एक आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून एक, अशा दोन जागी करा. ओल निघाली तर कोबा काढून, भराव ठोकून, खाली जाड प्लास्टिकचा थर आणि वर काँक्रीट घ्यावं लागेल. त्या पैशांची सोय आधी, लादीचं बजेट उरलेल्यात. मी कित्येक घरांत उलटं झालेलं पाहिलंय: सगळे पैसे टाइलवर गेले आणि खालच्या कामात काटछाट झाली.

जाता जाता एक सांगतो. लाल कोबा फुटलेला नसता तर मी तुम्हाला तो ठेवायलाच सांगितलं असतं. पायाला इतकी गार आणि इतकी वर्षं टिकणारी जमीन आज कोणी घालून देत नाही. एखाद्या खोलीतला कोबा धड असेल, नुसती बारीक केसासारखी रेघ असेल, तर ती खोली तशीच ठेवून पॉलिश करून घ्या. खर्चही वाचेल आणि घराला आपली एक खूणही राहील.

आता कोणती लादी, कारण त्यावर दुकानाचा प्रकार ठरतो. तुमच्या स्वयंपाकघरात कोकमाचं आगळ सांडणार, चिंच सांडणार, लिंबू पिळताना थेंब पडणार. कोटा, शहाबाद, मार्बल हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आंबट लागलं की त्यांची झिलई जाते आणि डाग बसतो तो बसतोच. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याने पांढरा मार्बल पिवळसर तपकिरी होत जातो. म्हणून आत विट्रिफाइड, म्हणजे खूप तापवून घट्ट केलेली टाइल. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्या वर पाणी शोषते, ती स्वस्त मिळाली म्हणून जमिनीला लावू नका. ओसरीला आणि पायऱ्यांना मात्र मी कोटाच घालतो. पावसात भिजलेल्या पायांनी माणसं तिथूनच आत येतात, आणि चिऱ्याची तांबडी माती घासून धुतली तरी कोटाला काही होत नाही. पॉलिश न केलेला, खरबरीत अंगाचा घ्या. ओसरीलाही टाइलच हवी असेल तर पेटीवर किंवा कॅटलॉगमध्ये आर-११ असं घसरणीचं मानांकन दिसतंय का बघा. आत चकचकीत चालेल, बाहेर नको.

मापाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुन्या घरात २ बाय २ फूट. शोरूममध्ये ४ बाय २ च सुंदर दिसते, मान्य. पण जुन्या घरांच्या खोल्या काटकोनात नसतात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तीन-चार इंचांचा फरक सहज निघतो. टाइल जितकी मोठी तितके तुकडे जास्त, नासाडी जास्त. शिवाय लांब टाइल मधोमध किंचित फुगलेली असते. विटांसारखी अर्ध्यावर अर्धी जोडली की कडा वर येते आणि अनवाणी पायाला टोचते.

आता हिशेब, कारण तो केल्याशिवाय मोरबीचं कोडं सुटत नाही. ११०० फुटांना ८ टक्के तूट धरली की ११८८. २ बाय २ च्या पेटीत ४ नग, म्हणजे १.४४ चौरस मीटर, साडेपंधरा फूट. म्हणजे ७७ पेट्या. त्याच टाइलमधून चार इंची स्कर्टिंग कापायची तर आणखी ५ धरा. झाल्या ८२. ओसरी कोटाची केली तर त्यातल्या तेवढ्या कमी होतील, पण हिशेबाला ८२ च धरू. एक पेटी २७ ते ३० किलो, म्हणजे सगळा माल सव्वादोन ते अडीच टन. मापाची आणखी एक गल्लत आपल्याकडेच होते: घराची कागदपत्रं चौरस मीटरमध्ये, दुकानदार बोलतो फुटावर आणि फोनवरचा माणूस सांगतो पेटीचा भाव. एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट. तिन्ही भाव फुटावर आणून, १८ टक्के जीएसटी आणि दारापर्यंतचं भाडं धरूनच एकमेकांशेजारी मांडा.

भाच्याचं म्हणणं चुकीच्या जागेवरून निघालेलं नाही. देशातली बहुतेक सिरॅमिक टाइल गुजरातेत मोरबीलाच बनते. पर्वरीच्या काचेमागची आणि डिचोलीच्या दुकानात भिंतीला टेकवलेली, दोन्ही बऱ्याचदा तिथूनच आलेल्या असतात. मग थेट का नको? कारण तिथून निघणारा ट्रक वीस-पंचवीस टन माल घेऊन निघतो आणि तुमचा आहे अडीच टन. तुमच्या ८२ पेट्यांसाठी कोणी वेगळी गाडी हजार किलोमीटरच्या वर पाठवणार नाही. माल दुसऱ्याच्या मालासोबत चढतो, मध्ये कुठे तरी उतरतो, पुन्हा चढतो. काचेसारखी वस्तू जितक्या वेळा हाताळली जाते तितके तिचे कोपरे जातात. पैसे बहुधा आगाऊ द्यावे लागतात. आणि समजा ७ पेट्या फुटल्या, तर त्या ७ पेट्या त्याच रंगाच्या, त्याच भट्टीच्या, पुन्हा तेवढ्या लांबून कोण आणून देणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही आहे. हक्क आहे, तो बजावावा. पण तक्रार नोंदवून चवथीला घरात लादी येत नाही.

बेळगावचं वेगळं. तिथे बाजार मोठा आहे, निवड जास्त आहे आणि फुटामागे पाच-सहा रुपये कमी मिळूही शकतात. सहा रुपये धरले तर ८२ पेट्यांच्या १२७१ फुटांवर ७,६२६ रुपये वाचतात. त्यातून टेम्पोचं भाडं, दोन वेळची हमाली आणि निदान दोन वेळा तुमचं जाणं-येणं वजा करा. २०१४ च्या जुलैत साखळी गावातल्या एका घरासाठी मी स्वतः मालकांबरोबर जाऊन घाटापलीकडून माल आणला होता. पावसात चोर्ला घाट उतरताना टेम्पोला दोनदा थांबावं लागलं, ताडपत्रीतून पाणी गेलं, पुठ्ठे भिजून लगदा झाले आणि उतरवताना ९ पेट्यांचे कोपरे गेलेले निघाले. दुकानदाराने फोनवर सांगितलं, गाडीत भरेपर्यंत जबाबदारी आमची. त्याचं बरोबरच होतं, तसं मालासोबतच्या चलनावर छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. त्या ९ पेट्यांसाठी पुन्हा घाट चढावा लागला. वाचलेले पैसे तिथेच संपले. म्हणून मी म्हणतो, अख्खं घर नव्याने बांधताय, लादी, न्हाणीघराच्या टाइल्स, नळ, सिंक, ग्रॅनाइट सगळंच एका गाडीत भरून येणार आहे आणि पाऊस संपलेला आहे, तर बेळगावला जा. नुसत्या लादीसाठी, जून-जुलैत, नको.

आता मेस्त्रीचं. ही गोष्ट आमच्या धंद्यातले लोक सहसा बोलत नाहीत, पण तुम्ही घर करताय, तुम्हाला माहीत असायला हवं. मेस्त्रीने किंवा कंत्राटदाराने गिऱ्हाईक आणलं की बरीच दुकानं त्याला कमिशन देतात. फुटामागे ठरलेलं असतं. मला ते अनेकदा देऊ केलं गेलं. मी माझी मजुरी उघड सांगतो आणि कमिशन घेत नाही, कारण घेतलं की माल फुटका निघाला तरी दुकानदाराशी आवाज चढवून बोलायची सोय राहत नाही. तुमचा मेस्त्री तसा असेलच असं मी म्हणत नाही. त्याला दुकानात जरूर न्या. पेटी उघडून माल बघायला त्याच्याइतकी तयार नजर तुमच्याकडे नाही. फक्त भाव तुम्ही ठरवा, बिल तुमच्या नावावर घ्या आणि पैसे तुम्ही स्वतः द्या. मेस्त्रीला त्याचा राग आला तर काय समजायचं ते समजा.

मग उरलं ते जवळचं दुकान आणि शोरूम. शोरूमचा मोठा उपयोग आहे. टाइल तिथे चार-सहा एकत्र बसवलेली दिसते, हातातल्या एका नगावरून जे कळत नाही ते तिथे कळतं. कजारिया, सोमाणी, जॉन्सन अशा कंपन्यांचा माल घ्यायचा असेल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, म्हणजे तक्रार पुढे जायला वाट राहते. पण शोरूमच्या दिव्यांखाली रंग ठरवू नका. ते दिवे टाइल विकायला लावलेले असतात. दोन अख्खे नग अनामत ठेवून घरी आणा. सगळी चांगली दुकानं देतात. जे दोन नग द्यायला खळखळ करतं ते फुटक्या पेट्या परत काय घेणार?

घरी आणल्यावर दोन्ही नग तोंडाला तोंड लावून उभे धरा आणि फटीतून उजेडाकडे बघा. मध्ये उजेडाची रेघ रुंद दिसली किंवा दोन टोकं दाबल्यावर नग पाळण्यासारखा डुलला, तर टाइल वाकडी आहे. मग एक नग माजघराच्या दारात आणि एक खिडकीखाली ठेवा. सकाळी बघा, संध्याकाळी दिवा लावून बघा. माजघरात आपल्याकडे उजेड कमीच असतो, शोरूममध्ये उबदार वाटलेला करडा रंग तिथे काळवंडतो. नंतर एका कोपऱ्यावर तेलाचा थेंब, हळदीचं बोट आणि ओलं कुंकू लावा आणि रात्रभर ठेवा. देवघरासमोर रोज हेच सांडणार आहे. सकाळी ओल्या फडक्याने पुसून निघालं तर टाइल घ्या. फिकट पिवळी खूण राहिली तर तिचे वरचे छिद्र नीट बुजलेले नाहीत. मॅट टाइलमध्ये हा प्रकार जास्त दिसतो, म्हणून मॅट घेणार असाल तर ही तपासणी चुकवूच नका.

आता गोडाऊनकडे येतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तिथे आहे.

२००९ सालची गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या एका घरात हस्तिदंती रंगाची साधी टाइल घालत होतो. ६० पेट्या आणल्या आणि शेवटच्या खोलीत ५ कमी पडल्या. दुकानाने दोन दिवसांनी ५ पाठवल्या, तेच नाव, तोच नंबर. संध्याकाळ झाली होती, ट्यूबलाइटच्या उजेडात आम्ही त्या बसवून टाकल्या. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि जमिनीवर पट्टा दिसला. एका बाजूची लादी दुधासारखी, दुसरीकडची ताकासारखी. घरातल्या आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पेट्या उलटून बघितल्या तेव्हा कळलं, डिझाइनचा नंबर तोच, शेडचा नंबर वेगळा. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेत रंग केसभर इकडे-तिकडे होतो, म्हणून कारखाना प्रत्येक खेपेला वेगळा शेड किंवा बॅच नंबर देतो आणि तो पेटीच्या अंगावर छापतो. पहिल्या खेपेचा माल दुकानात शिल्लक नव्हता आणि बाजारातही नव्हता. शेवटी ती खोली उखडून पूर्ण दुसऱ्या टाइलची केली, माझ्या खर्चाने. चूक दुकानाची अर्धी होती, नंबर न बघता लावणारा मी होतो.

तेव्हापासून दुकानात माझा पहिला प्रश्न भावाचा नसतो. मी म्हणतो, ‘गोडाऊन दाखवा.’ तुम्हीही तेच म्हणा. तुम्हाला हव्या असलेल्या टाइलच्या किती पेट्या आत्ता रचलेल्या आहेत आणि त्यातल्या किती एकाच शेडच्या आहेत, ते डोळ्यांनी बघा. ८२ हव्या आहेत आणि एका शेडच्या १०० च्या वर दिसल्या, तर ती टाइल घ्या, मग ती तुमच्या दुसऱ्या पसंतीची असली तरी. पहिल्या पसंतीच्या ६० च असतील आणि दुकानदार म्हणत असेल, ‘बाकीच्या मागवून देतो,’ तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. काही शोरूममध्ये नुसते नमुने असतात, तुमच्या आगाऊ रकमेवर माल बाहेरून मागवतात. तिथे घेणं आणि मोरबीला फोन करणं यात फारसा फरक नाही, वर शोरूमचं भाडं मात्र तुमच्या भावात येतं. उलट डिचोली-म्हापशाच्या साध्या दुकानांत मी दीडशे पेट्या एकाच शेडच्या रचलेल्या पाहिल्यात, पत्र्याच्या छपराखाली. दिसायला काही नाही, पण लादी घालणाऱ्याला तेच सोनं.

दुकानदाराकडून तीन गोष्टी बिलावर हाताने लिहून घ्या. न उघडलेल्या पेट्या किती दिवसांत आणि किती कापून परत घेणार. उतरवताना फुटलेल्या निघाल्या तर बदलून कोण देणार. आणि शेड नंबर. हा तिसरा लिहिताना जो दुकानदार कुरकुर न करता स्वतः पेटी बघायला उठतो, त्याच्याकडे घ्या. बिल जीएसटीचं पक्कं. कच्च्या चिठ्ठीवर टक्केवारी वाचते, पण मग त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या कुठल्याच शब्दाला आधार राहत नाही.

ओसरीचा कोटा टाइलच्या दुकानातून घेऊ नका, मार्बल-ग्रॅनाइटच्या यार्डात जा. कोटा राजस्थानातून येतो, यार्डात तो उभा रचलेला असतो. माप टाकताना स्वतः तिथे उभ्या रहा. तुटका कोपरा मापात धरलाय का, जाडी सगळीकडे सारखी आहे का, हे तिथेच बघायचं असतं. दगड ओला करून बघा, कोरड्यावर धुळीखाली तडे लपतात. हिरवट आणि तपकिरी एकत्र रचलेले असतील तर एकाच ढिगातून निवडा.

लाकडासारख्या लॅमिनेट फ्लोअरिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शोरूममध्ये दाखवलं असेल. आत भुसा दाबून केलेली पाटी असते, जमिनीतून ओल आली की कडा फुगतात. मयेसारख्या ठिकाणी तळमजल्यावर नकोच. ऑनलाइनचं उत्तरही एका ओळीत देतो: टाइलमध्ये सारखी फट राखणारे स्पेसर, सांधे भरायचं मटेरियल मागवा, टाइल नको.

टाइलबरोबरच त्याच दुकानातून टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्ह घ्या. विट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटचा घोल तिला नीट धरत नाही. मेस्त्री म्हणेल, ‘आम्ही इतकी वर्षं घोलावरच लावतोय.’ लावतात, आणि दोन-तीन वर्षांत टाइल पोकळ वाजायला लागतात. अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायला सांगा. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबायची पद्धत तुमच्या घरात चालू देऊ नका, मधल्या पोकळीवर कपाट आलं की तडा गेलाच.

वेळेबद्दल खरं सांगायला हवं. चवथीच्या आधीच्या महिन्यात अख्ख्या गोव्याला लादी घालायची असते. दुकानात माल नसतो आणि मेस्त्री तीन घरांत एकाच वेळी कबूल झालेला असतो. तुमचा कोबा काढून नवीन काँक्रीट घ्यावं लागलं तर पावसाळी हवेत ते सुकायला महिनाभर द्या, त्यावर लादीचे दहा-बारा दिवस. एवढे दिवस हातात नसतील तर हॉल, माजघर आणि देवघर आत्ता करा, खोल्या आणि स्वयंपाकघर दिवाळीनंतर. पण माल सगळा आत्ताच घ्या, एका शेडचा. दिवाळीनंतर तो शेड मिळणार नाही. पेट्या कोरड्या खोलीत ठेवल्या की टाइल खराब होत नाही.

माल येईल त्या दिवशी घरात कोणी तरी मोठं माणूस हवं. तुमच्या वाटेवर ट्रक येणार नसेल तर ते दुकानात आधीच सांगा, छोटा टेम्पो पाठवतील. नाही तर माल हमरस्त्यावर उतरवून जातात आणि तिथून आत आणायची हमाली वेगळी पडते. उतरवताना पेट्या मोजा आणि प्रत्येकीचा शेड नंबर वाचा. ८२ पेट्यांना वीस मिनिटं लागतात. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. नंबर वेगळा दिसला की ती पेटी बाजूला, आणि चलनावर ‘इतक्या पेट्या वेगळ्या शेडच्या, इतक्या फुटक्या’ असं लिहूनच सही. दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात करताना मेस्त्रीला तीन-चार पेट्यांतले नग आलटून-पालटून लावायला सांगा, म्हणजे केसभर फरक असलाच तरी तो पसरून जातो.

काम झाल्यावर सगळ्या उरलेल्या पेट्या परत करू नका. दोन ठेवा. पुढे कधी नळाची पाइप दुरुस्त करायला लादी फोडावी लागेल, कधी वरवंटा पडेल. माळ्यावर नको, तिथे वजन नको आणि उंदीर पुठ्ठा कुरतडतात. कोठीच्या खोलीत भिंतीला लावून उभ्या ठेवा, नग आडवे रचू नका. छापील शेड नंबर बाहेरच्या बाजूला येऊ दे, आणि बिलाची एक झेरॉक्स त्याच पेटीत घालून ठेवा.